दारू पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा पकडलंय, दंड भरून मोकळं व्हायचं की उपचाराला न्यायचं?

जुळेसोलापूरची_वहिनी

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझे धाकटे दीर, वय ३४. स्वतःचा छोटा हत्ती आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचे, चादरीचे गठ्ठे उचलून ट्रान्सपोर्टला नेऊन टाकायचं काम. कामाला वाघ माणूस, कुणाच्या एका रुपयाला हात लावणार नाही. पण संध्याकाळी माल उतरला की क्वार्टर लागतेच, आणि हल्ली ती संध्याकाळ दुपारीच व्हायला लागली आहे. मागच्या थर्टीफर्स्टच्या नाकाबंदीत सापडले होते, कोर्टात दहा हजार भरले, पैसे माझ्या भिशीचे. तेव्हा सगळे म्हणाले सणावाराला होतं असं, सोडा. आता परवा आसरा चौकात परत पकडलं, ते पण दुपारी तीनला, गाडीत माल भरलेला. मशीनमध्ये ११२ आलं म्हणे. लायसन पोलिसांनी ठेवून घेतलंय. कोर्टाची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

घरात रोज तेच चाललंय. सासूबाई म्हणतात दंड भरा आणि मिटवा, बोभाटा नको, स्थळं बघायलोय, लग्न झालं की सुधरंल. आमचे हे म्हणतात राहू दे दोन दिवस आत, अक्कल येईल. मला दोन्ही पटत नाही. दंड भरून काय झालं ते डोळ्यासमोर आहे, आणि आत राहून आलेली माणसं पण गल्लीत बघितली आहेत, बाहेर आल्या आल्या पहिली कुठं जातात ते सगळ्यांना माहितीय. आणि लग्नाचं तर नकोच, कुणाच्या तरी पोरीला औषध म्हणून घरात आणायचं हे मला बाई म्हणून सहन होत नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. या कोर्टाच्या तारखेचा उपयोग करून भावजींना उपचाराला लावता येतं का? कोर्ट तसं सांगतं का? आणि सोलापुरात नेमकं जायचं कुठं?

---

शेंगाचटणी

वहिनी, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का त्यांचे? आणि न पिता सलग किती दिवस राहिलेत अलीकडं? हे आधी सांगा, बाकीचं त्यावर ठरतं.

---

जुळेसोलापूरची_वहिनी

थरथरतात. चहाची बशी दोन्ही हातांनी धरतात. श्रावणात सोडायचे आधी, यंदा चौथ्या दिवशीच घाम फुटून, उलट्या होऊन परत सुरू केली.

---

काळा_कोट

ताई, कायद्याचं मी सांगतो, कारण प्रत्येकजण वेगळं सांगणार आणि तुमचा गोंधळ होणार.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. तुमच्या दिरांचं ११२, म्हणजे मर्यादेच्या तिपटीच्याही वर. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. हे हेल्मेटच्या चलनासारखं मोबाईलवर भरून मिटत नाही, कोर्टापुढं उभं राहावंच लागतं. त्यामुळं कुणी "एवढे द्या, मी मिटवतो" म्हणून घरी आला तर दारातूनच परत पाठवा.

लायसनचा विषय वेगळा. पोलीस ते कलम २०६ खाली आरटीओकडं पाठवतात, आणि कलम १९ प्रमाणे पहिल्या वेळी तीन महिने निलंबन, दुसऱ्या वेळी रद्द. निलंबित लायसन परत घ्यायचं तर ड्रायव्हरचा रिफ्रेशर कोर्स पूर्ण करायचा, हे पण २०१९ पासूनच आलं. माझा राग इथं आहे. हा कोर्स गाडी नीट चालवायला शिकवतो. तुमचे दीर गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवत असतील हो! त्यांना जे जमत नाही ते दारू थांबवणं, आणि त्याबद्दल कलम १८५ मध्ये अवाक्षर नाही. या माणसाला व्यसन आहे का तपासा, असेल तर उपचाराला पाठवा, असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र लिहिलंय. १९८५ च्या त्या कायद्याचं कलम ३९ असं आहे की थोड्या प्रमाणातल्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल, तर कोर्ट त्याच्या संमतीनं त्याला शिक्षेऐवजी सरकारी किंवा सरकारमान्य दवाखान्यात व्यसनमुक्तीसाठी सोडू शकतं, आणि वर्षाच्या आत उपचाराचा काय परिणाम झाला त्याचा अहवाल त्यानं कोर्टाला द्यायचा. म्हणजे खिशात गांजाची पुडी सापडलेल्या पोराला उपचाराची वाट आहे, आणि दारू पिऊन भरलेली गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला फक्त पावती.

तरी सगळ्या वाटा बंद नाहीत. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट १९५८ चं कलम ४ बघा. त्यात चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडताना, प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली, नशेपासून लांब राहण्याची अट कोर्ट घालू शकतं. द्यायचं की नाही हे साहेबांच्या मर्जीवर, आणि दुसरा गुन्हा असल्यानं सोपं नाही. पण माझं स्पष्ट मत, तारखेच्या आधी उपचार सुरू करा. केस पेपर, डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन वकिलामार्फत अर्ज द्या, की आरोपी स्वतःहून उपचार घेतोय, देखरेखीची अट घालावी. शिक्षा किती द्यायची ते ठरवताना या कागदाला वजन येतं. आणि कोर्टानं काहीच ऐकलं नाही तरी उपचार तर सुरू झालेले असतील ना.

---

बाराबंदी

ओ वहिनी, एवढं कोर्ट कचेरी कशाला. आमच्या ओळखीत एक सेंटर आहे, नुसता फोन करायचा, गाडी घेऊन येतात, चार पोरं असतात, झोपेतून उचलून नेतात. चार महिने ठेवतात, घरच्यांना भेटू देत नाहीत. मावशीच्या पोराला तिथंच टाकलाय. ते नको असेल तर पावडर मिळते, भाजीत घालायची, त्याला कळत पण नाही, आठ दिवसांत दारूचा वास नको होतो.

---

सिस्टर_विजापूर_रोड

बाराबंदी दादा, तुम्ही मदतीच्या भावनेनं लिहिलंय पण दोन्ही सल्ले घातक आहेत, राग मानू नका. मी नर्स आहे, दारूच्या पेशंटच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत.

आधी पावडर. त्यात बरेचदा डायसल्फिराम असतं. हे खरं औषध आहे, डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करून. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लालभडक होतो, छाती धडधडते, बीपी पडतं, श्वास लागतो, हार्टचा त्रास असेल तर जीव जाऊ शकतो. ज्याला माहितीच नाही तो पिणारच ना! आणि वहिनींचे दीर तर गाडीच्या स्टेअरिंगवर असतात. भाजीत कालवून कुणीही, कधीही देऊ नका.

आता उचलून नेणं. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जमुळं होणारे मानसिक आजार पण येतात. सज्ञान माणसाला सहसा त्याच्या मर्जीनं भरती करायचं. तो स्वतःचा निर्णय घेण्याच्या अवस्थेतच नसेल तर वेगळी पद्धत आहे, त्यात डॉक्टरांची तपासणी लागते, कागद लागतात. साखळीनं बांधायला बंदी आहे. असल्या सेंटरमधून मारलेल्या पाठीचे पेशंट मी बघितलेत, सडकून पिणारे होते, बाहेर आल्यावर दुप्पट प्यायले. कुठल्याही सेंटरला पाऊल टाकायच्या आधी तीन गोष्टी विचारा, राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष कधी येतात, आणि घरच्यांना भेटता येतं का. तिसऱ्याला "नाही" आलं तर तिथून निघा.

वहिनी, तुम्ही बशीचं लिहिलंत तिथं मी थांबले. सकाळचे थरथरते हात आणि चौथ्या दिवशीचा घाम, उलट्या, हा विथड्रॉवल आहे. याचा अर्थ आता शरीरालाच दारू लागते, नुसत्या मनाच्या निश्चयावर अचानक बंद केली तर धोका आहे. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर, दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत काहीजणांना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, बडबड सुरू होते, ताप चढतो. ते जिवावर बेततं. म्हणून डिटॉक्स, म्हणजे शरीरातली दारू उतरवणं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. झोपेच्या गोळ्यांच्या गटातली औषधं ठरवून देऊन हळूहळू कमी करतात, बी-वन म्हणजे थायमिनची इंजेक्शनं देतात. आणि हे लक्षात ठेवा, दारुड्या माणसाला अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात आधी ग्लुकोजचं सलाईन लावतात, थायमिन न देता. मेंदूला इजा होऊ शकते त्यानं. सांगत जा डॉक्टरांना, पेशंट रोज पितो म्हणून, लाजू नका.

सोलापुरात पहिली पायरी सिव्हिल. मानसोपचार विभागाची ओपीडी गाठायची, केस पेपर काढायचा, सरळ सांगायचं. तिथून डिटॉक्सला भरती करायचं की गोळ्यांवर घरी ठेवायचं ते डॉक्टर ठरवतील. बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४४४६.

---

एमएच१३_ट्रान्सपोर्ट

सिस्टर, एक विचारतो. आमच्या लाईनीत ड्रायव्हर रात्री ढाब्यावर घेतात, झोपतात आणि पहाटे गाडी काढतात. म्हणतात झोप झाली, उतरली. खरंच उतरते का?

---

सिस्टर_विजापूर_रोड

नाही ना दादा. हिशोब करून बघा. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ६० किलोच्या माणसानं ती प्यायली तर रक्तात १४० च्या आसपास जातं. शरीर तासाला सुमारे १५ नं कमी करतं, त्याच्यापुढं लिंबूपाणी, अंघोळ, कडक चहा कशाचाच उपयोग नाही, फक्त वेळ. म्हणजे रात्री बाराला संपवली तर सकाळी सातला पण तो ३० च्या वरच असतो. माणसामाणसात फरक पडतो, पण दोन क्वार्टर झाल्या असतील तर दुपारपर्यंत विसरा.

---

एमएच१३_ट्रान्सपोर्ट

बापरे. हे मी उद्याच गोडाऊनच्या भिंतीवर लिहून लावतो.

आणि नुसती दारू नाही ओ. लांब पल्ल्याला झोप येऊ नये म्हणून काहीजण डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा घेतात, कोण गोळ्या, कोण गांजा. पुणे हैदराबाद हायवेला रात्री कुठल्याही ढाब्यावर बसा, कळतंय. फुंकायच्या मशीनमध्ये यातलं काहीच येत नाही. माझ्याकडचा एक ड्रायव्हर मशीनवर शून्य यायचा आणि डोळे तारवटलेले असायचे. मी त्याला गाडीवरनं उतरवला तर दुसऱ्या ट्रान्सपोर्टला लागला दुसऱ्या दिवशी. मालकांनी पण विचार करायला पाहिजे, भाड्याची वेळच अशी देतात की माणूस झोपणार कधी?

---

काळा_कोट

कलम १८५ मध्ये ड्रग्जचं पण आहे. पण तिथं आकडा नाही, गाडीवर नीट ताबा ठेवता येत नाही इतका अंमल, असे शब्द आहेत. ते सिद्ध करायला डॉक्टरी तपासणी, रक्ताचा नमुना लागतो. त्यामुळं व्यवहारात पकडले जातात ते दारूवालेच.

---

अक्कलकोट_रोड

मी दोन दिवस हा धागा वाचतेय आणि लिहू का नको करतेय. सगळे पिणाऱ्याचा विचार करताय. चांगलं आहे. पण दुसरी बाजू पण इथं असायला पाहिजे.

माझे मिस्टर पहाटे दूध घालायला जायचे. मोटारसायकलला दोन्ही बाजूला कॅन. पाच साडेपाचला एका कारनं मागून उडवलं. चालवणारा रात्रभर पिऊन घरी चालला होता. नंतर कळलं की त्याला आधी पण एकदा पकडलेलं होतं आणि दंड भरून, काही महिन्यांनी तो परत गाडीवर होता. कॅन किती लांब उडाला होता ते मला लोकांनी सांगितलं, मी बघितलं नाही, दूध मात्र मी गेले तेव्हा पण रस्त्यावर होतं.

क्लेम ट्रिब्युनलमध्ये पैसे मिळाले, आमच्या वकिलांनी खूप केलं. पण मला एक सांगा, पहिल्यांदा पकडलं तेव्हाच त्याला कुणी डॉक्टरपुढं बसवलं असतं तर? आणि वहिनी, तुमच्याबद्दल मनात काही नाही, तुम्ही विचारताय हेच मोठं आहे. पण उपचार केले म्हणून लायसन लगेच परत द्या, शिक्षा कमी करा, असं होऊ नये. उपचार त्यांनी घ्यावेत आणि गाडीपासून लांब पण राहावं. दोन्ही.

---

जुळेसोलापूरची_वहिनी

ताई, काय लिहू. तुमचं वाचून आमच्या ह्यांना आणि सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण मिटवून टाका हा शब्द त्यानंतर निघाला नाही घरात.

तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. लायसन वाचवण्यासाठी मी हे करत नाही.

---

काळा_कोट

अक्कलकोट रोड ताई, तुमच्या म्हणण्याला कायद्यातही आधार आहे. बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव घेतला असेल तर प्रोबेशनची सवलत सहसा देऊ नये हे सुप्रीम कोर्टानं २००० साली दलबीर सिंग खटल्यात सांगितलंय. मी वर जे लिहिलं ते कुणी जखमी व्हायच्या, मरायच्या आधी पकडलेल्या माणसाबद्दल. तीच वेळ आहे खरी, आणि तीच आपण पावती फाडून घालवतो.

अजून एक, दारू पिऊन अपघात केला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम विमा कंपनी नाकारते, आणि समोरच्याला दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करायला मागे लागू शकते. छोटा हत्ती कर्जावर असेल तर घरच विकायची वेळ येते.

---

म्युनिकचा_सोलापूरकर

मूळचा लष्कर भागातला, आता जर्मनीत. इथं कसं आहे ते सांगतो, कारण अक्कलकोट रोड ताई जे "दोन्ही" म्हणाल्या ते इथं प्रत्यक्षात चालतं.

दारू पिऊन गाडी चालवताना रक्तात १.६ प्रति हजार किंवा जास्त सापडलं, म्हणजे आपल्या भाषेत १६० च्या आसपास, किंवा कमी असलं तरी परत परत सापडलात, तर लायसन जातं आणि नुसती मुदत संपली म्हणून परत मिळत नाही. एमपीयू नावाची परीक्षा द्यावी लागते, वैद्यकीय आणि मानसिक तपासणी. डॉक्टर लिव्हर वगैरे तपासतात, कॉम्प्युटरवर प्रतिसादाच्या चाचण्या होतात, आणि मग मानसशास्त्रज्ञ समोर बसवून विचारतो की तुम्ही का पीत होता, काय बदललंय, परत तशी संध्याकाळ आली तर काय कराल. पाठ केलेली उत्तरं दिली तर नापास. व्यसनाचा प्रश्न असेल तर सहा महिने किंवा वर्षभर दारू न प्यायल्याचा पुरावा लागतो, केसांचा नमुना किंवा अचानक बोलावून घेतलेली लघवीची तपासणी. सायकलवाल्याला पण लागू आहे हे, १.६ ला.

माझ्या टीममधला एकजण यातून गेला. दंडाचं दुःख त्याला आठवड्यात संपलं होतं, त्या मानसशास्त्रज्ञाच्या प्रश्नांनी मात्र तो हलला आणि ग्रुपला जायला लागला.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांचा, ३० तासांचा कोर्स आहे, रक्तातलं प्रमाण जास्त असेल तर नऊ महिन्यांचा, आणि परत परत पकडल्यास १८ महिन्यांचा. गाडीला असं यंत्र लावतात की आधी फुंकायचं, दारू असेल तर इंजिन चालूच होत नाही. इंग्लंडमध्ये कोर्टानं सुचवलेला कोर्स पूर्ण केला की बंदीची मुदत पाव हिश्शापर्यंत कमी होते. आपल्याकडं निदान पहिल्या वेळी तपासणी तरी सक्तीची करायला काय हरकत आहे, मला खरंच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे, दहा मिनिटांत भरून होते, तेवढ्यावर माणूस कुठल्या टप्प्यावर आहे याचा अंदाज येतो.

---

शेंगाचटणी

+१. रिफ्रेशर कोर्समध्येच ती दहा प्रश्नांची घातली तरी पुरे.

---

भीमाकाठ

आमच्या गावाकडं दारू सोडायचा एकच रस्ता, माळ. पंढरपूरला जायचं, तुळशीची माळ घालायची, मग माळकरी माणूस दारूला शिवत नाही. आमच्या वडिलांनी अशीच सोडली, २२ वर्षं झाली. वहिनी, दवाखान्यात जाण्याआधी एकदा माळेचं बघा. वारीला दिंडीबरोबर पाठवा.

---

पूर्वभाग

भीमाकाठ मामा, माळेबद्दल आदर आहे. पण आमच्या घरात वेगळं झालं म्हणून लिहितो. आम्ही पूर्व भागातले, घरी तेलुगू, वडील यंत्रमागावर. रात्रपाळी सुटली की शिंदी, नंतर देशी. माळ पण घातली होती, अक्कलकोटला स्वामींच्या समोर शपथ पण घेतली होती. शपथ मोडली की स्वतःलाच तोंड दाखवायला लाजायचे आणि त्या लाजेपोटी अजून प्यायचे. आम्ही घरचे पण म्हणायचो, देवाला फसवलंस. आजार आहे, औषध लागतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. सांगणारं मिळालं तेव्हा लिव्हर गेलेलं होतं.

माळ घालू दे की, पण आधी शरीरातली दारू डॉक्टरकडून उतरवून घ्या, मग माळ. तसं केलेले दोघं आमच्या गल्लीत आहेत, चांगले आहेत. आणि जिथं जाल तिथं त्या माणसाच्या भाषेत बोलणारं कुणी आहे का बघा. आमच्या वडिलांना काउन्सेलरचं अर्धं मराठी डोक्यावरून जायचं, ते नुसते मान हलवायचे.

---

भीमाकाठ

पटलं पोरा. वडिलांना डॉक्टरनं पण गोळ्या दिल्या होत्या सुरवातीला, आई सांगते. आणि माळेचा खरा फायदा म्हणजे दिंडीतली माणसं, रोज संध्याकाळी हरिपाठाला बोलवायला दारात येत होती. गुत्त्याची वेळ तीच होती ना.

---

एक_दिवस

ही संध्याकाळची वेळ भीमाकाठ मामांनी बरोबर पकडली. मी स्वतः अल्कोहोलिक आहे, आज सोबर आहे, एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला जातो. वहिनी, थोडं अनुभवातून.

डिटॉक्स ही सुरवात. आठ दहा दिवसांत शरीर साफ होतं, घरचे म्हणतात झालं, सुटली. आणि महिन्याभरात स्लिप होते, म्हणजे परत प्यायली जाते, कारण सहा वाजतात आणि त्या सहाचं काय करायचं हे माणसाला कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून पुढचं पाहिजे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पु.ल. आणि सुनीताबाईंनी पाठबळ दिलेलं. तिथं ३५ दिवस राहायचा कार्यक्रम असतो. पत्नींचा वेगळा गट आहे, घरच्यांनाही समजावून सांगतात. सोलापूरहून पुणे काही लांब नाही. आणि एएची मीटिंग, पैसे नाहीत, नाव विचारत नाहीत. चहा असतो, गोल बसतात, एकेकजण सांगतो. पहिल्या दिवशी मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो होतो, पळून जायला सोपं म्हणून. समोरच्या एका रिक्षावाल्या काकांनी रिक्षा कुठं लावली होती ते रात्री आठवत नव्हतं हे सांगितलं आणि मी बसलो तो बसलोच. पिणारा माणूस बाकी कुणाचं ऐकत नाही वहिनी, दुसऱ्या पिणाऱ्याचं ऐकतो.

भावजींशी बोलायचं कसं, तेवढं सांगतो. प्यायलेले असताना अजिबात नाही. सकाळी, पहिला घोट जायच्या आधी. लग्न, इज्जत, आईचे अश्रू काही काढू नका, ते त्यांनी हजारदा ऐकलंय आणि रोज स्वतःला ऐकवतात. एवढंच म्हणा, तुमचे हात थरथरतात ते मला दिसतंय, त्याच्यावर गोळी आहे, सिव्हिलला मी बरोबर येते, आज. सोडा कायमची असं म्हणू नका, कायमची या शब्दाला पिणारा माणूस घाबरतो. आणि दंड या वेळी घरच्यांनी भरू नका. गाडी विकायला लागली तरी त्यांचा त्यांनी भरायचा. उपचाराचा खर्च मात्र तुम्ही करा.

अक्कलकोट रोड ताई, तुमचं लिहिणं मी आमच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवू का, तुमची परवानगी असेल तर? आमच्यात गाडी चालवणारे बरेच आहेत, मी पण होतो.

---

अक्कलकोट_रोड

वाचा दादा. आवर्जून वाचा.

---

बाराबंदी

सिस्टर, तुमचं वाचल्यावर मावशीला फोन केला. त्या सेंटरला नोंदणी आहे का विचारा म्हणालो. तिला पण माहिती नाही. पोरगा अजून तिथंच आहे. उद्या मी आणि काका जाऊन भेटायला मागतो. भेटू दिलं नाही तर काय करायचं?

---

काळा_कोट

सरळ पोलीस स्टेशनला तक्रार द्या, आणि जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडं अर्ज करता येतो, त्याचा मसुदा मी देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जाताना मुलाच्या आईला बरोबर न्या.

---

जुळेसोलापूरची_वहिनी

कळवायला उशीर झाला, धावपळ होती.

एक_दिवस दादा, तुम्ही म्हणालात तसंच केलं. सकाळी पावणेसात, ते तोंड धूत होते. हातांवरनं सुरवात केली. पहिले चिडले, मग बराच वेळ नुसते बसले, आणि म्हणाले गोळी कडू असते का. मी म्हटलं माहिती नाही, चला विचारू. सिव्हिलला केस पेपर काढला. डॉक्टरांनी भरती करून घेतलंय. दुसऱ्या रात्री खूप त्रास झाला, घाम, बडबड, आमचे हे उशाशी बसून होते, आत राहू दे म्हणणारे तेच, रात्रभर हललं नाही माणूस. आज जेवलेत. बशी अजून हलते पण एका हातानं धरली.

कोर्टात वकिलांनी भरतीचा कागद दाखवून तारीख मागून घेतली. पुढच्या तारखेला देखरेखीच्या अटीचा अर्ज देणार आहोत. लायसन रद्द होणार हे भावजींना सांगितलंय, गाडीची चावी त्यांनी स्वतः ह्यांच्याकडं दिली. इथून सुटी झाली की मुक्तांगणला न्यायचं ठरतंय. सासूबाई सोबत येणार म्हणायलेत, स्थळं बघणं थांबवलंय.

आता एकच काळजी, परत आल्यावर काम काय करणार. गाडी सोडून त्यांनी दुसरं काही केलेलंच नाही, आणि घरी रिकामे बसले तर सहा वाजणारच.

---

एमएच१३_ट्रान्सपोर्ट

वहिनी, ते माझ्यावर सोडा. गोडाऊनला गठ्ठे मोजून घ्यायला आणि बिल्टी लिहायला मला माणूस लागतोच, टॉवेलच्या मालातला माहितगार मिळत नाही. सकाळी नऊ ते रात्री आठ, म्हणजे सहाच्या वेळी आपल्यासमोरच असतील. गाडीला हात लावायचा नाही ही अट माझी पण. पगाराचं आणि पत्त्याचं व्यनि केलाय, बघा.